सायकलचा जन्म पावसामुळे झाला का?

१२ जून १८१७. नैर्ऋत्य जर्मनीतील बाडेन राज्याच्या मानहाइम शहरातून बत्तीस वर्षांचा एक वनाधिकारी लाकडी यंत्रावर बसून निघाला. एकामागे एक अशी दोन चाके, मध्ये बैठक आणि पुढचे चाक वळवण्यासाठी एक दांडा. पॅडल नाही, साखळी नाही. पायांनी जमीन मागे रेटायची आणि तोल सावरत पुढे जायचे. श्वेत्सिंगनच्या रस्त्यावर टपालगाड्यांचे घोडे बदलण्याचे ठाणे होते, तेथपर्यंत जाऊन तो परतला. सुमारे १४ किलोमीटरचे हे अंतर त्याने तासाभरात कापल्याचे पुढच्या महिन्यात वृत्तपत्रात छापून आले. त्याचे नाव कार्ल ड्राइस. (इकडे पुण्यात त्याच जून महिन्यात दुसऱ्या बाजीरावावर इंग्रजांशी नामुष्कीचा तह करण्याची पाळी आली होती.)

या फेरीच्या मागे आज एक मोठी कथा जोडली जाते. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियाच्या सुंबावा बेटावरील टँबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला. त्यातून वातावरणाच्या वरच्या थरात गेलेल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनी सूर्यप्रकाश अडवला. १८१६ साली युरोपात उन्हाळा आलाच नाही. जून-जुलैत गारठा आणि संततधार. शेतातले पीक शेतातच कुजले. दक्षिण जर्मनीत धान्याचे भाव वर्षभर चढत राहिले आणि १८१७ च्या जूनमध्ये, म्हणजे ड्राइसच्या फेरीच्याच सुमारास, शिगेला पोहोचले. माणसांना भाकरी मिळेना, तेथे घोड्यांना ओट कोण घालणार? घोडे कमी झाले, म्हणून घोड्याविना चालणारे वाहन जन्माला आले.

कथा देखणी आहे, आणि नेमक्या याच कारणासाठी ती तपासून घेतली पाहिजे. ड्राइसचे चरित्रकार आणि तंत्रज्ञानाचे इतिहासकार हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी ती गृहीतक म्हणून मांडली. समाजमाध्यमांवर येईपर्यंत ‘असावे’चे ‘आहे’ झाले.

लेसिंग यांच्या बाजूने पुरावा नाही असे नव्हे. ड्राइसने आधी माणसांनी चालवायची एक चारचाकी गाडी बनवली होती. युद्धकाळात घोडे आणि त्यांचा चारा दुर्मिळ होतो, तेव्हा अशी गाडी उपयोगी पडेल, असे त्याने लिहिले होते. घोड्याला पर्याय शोधण्याचा विचार त्याच्या डोक्यात होता, हे यावरून सिद्ध होते. अडचण एवढीच की ती चारचाकी १८१३ ची आहे. टँबोरा त्यानंतर सुमारे दीड वर्षाने फुटला! नापिकीने त्या विचाराला निकड आणली असेल. पण ‘निकड आणली’ आणि ‘जन्म दिला’ यांत फरक आहे. शिवाय दुचाकीची मूळ कल्पना कोठून आली, हे ड्राइसने स्वतःच सांगून ठेवले आहे: बर्फावरच्या स्केटिंगवरून. लंडनमध्ये या यंत्राची लाट उसळली ती १८१९ साली. तेथे त्यावर मिरवणारे शौकीन तरुण घोडा परवडत नसलेल्या वर्गातले नव्हते.

मग पाऊस या इतिहासात कोठे सापडतो? ड्राइसच्या जाहिरातवजा वर्णनात. त्याचे इंग्रजी रूप १८१९ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापले गेले. सपाट रस्त्यावर, जोराचा पाऊस पडून गेल्यावरही, यंत्र ताशी सहा-सात मैल जाईल, म्हणजे टपालस्वाराच्या वेगाने. रस्ता कोरडा आणि टणक असेल तर आठ-नऊ मैल, असा त्याचा दावा होता. स्वतःचा माल विकणारा माणूसही ओल्या रस्त्यासाठी वेग उतरवून सांगतो, ही कबुली बोलकी आहे. जोरदार पावसाचा उल्लेख त्याला मुद्दाम करावासा वाटला, यावरून गिऱ्हाईक पहिला प्रश्न कोणता विचारत असेल याचाही अंदाज येतो.

सुमारे २२ किलोचे लाकडी यंत्र पायांनी रेटायचे, तर पायाखाली घट्ट जमीन हवी. त्या काळचे रस्ते मातीचे, गाड्यांच्या चाकोऱ्यांनी चिरलेले. पाऊस पडला की चाक चाकोरीत रुतणार, बूट घसरणार आणि तोल जाणार. साहजिकच चालक गुळगुळीत पदपथावर चढले आणि पादचाऱ्यांशी खटके उडू लागले. बाडेन सरकारने जानेवारी १८१८ मध्ये ड्राइसला या यंत्राचा दहा वर्षांचा विशेष हक्क दिला खरा. पण १८१७ संपण्यापूर्वीच, त्याने जेथून पहिली फेरी काढली त्या मानहाइममध्ये, पदपथावर हे यंत्र चालवण्यास बंदी झाली होती. १८१९ मध्ये लंडन आणि न्यूयॉर्कनेही तेच केले. पदपथ बंद झाल्यावर उरला तो चिखलाचा रस्ता, आणि त्यावर ही हौस फार काळ टिकली नाही. पुढच्या चाकाला पॅडल बसवलेली सायकल पॅरिसच्या रस्त्यांवर दिसू लागली ती थेट १८६० च्या दशकात. ड्राइस तोवर हयात नव्हता. १८५१ साली कार्ल्सरूह येथे तो कफल्लक अवस्थेत वारला होता.