पाण्याची जुनी वाट

5 सप्टेंबर 2022, सकाळचे नऊ. तुम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभे आहात. लॅपटॉपची बॅग छातीशी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. गेल्या 24 तासांत बंगळूरमध्ये 131.6 मिलिमीटर पाऊस कोसळलाय. सर्जापूर रोडवरच्या बंगल्यांतून लोकांना होडीने बाहेर काढतायत. शेजारी उभा असलेला पुणेकर वैतागून विचारतो, ‘‘अहो, इथे नदी कुठाय पूर यायला?’’

नदी आहे, पण ती पुढे. या पठारावर शतकानुशतकं लोकांनी उतारावर बांध घालून तळी केली, एकाखाली एक. वरचं भरलं की सांडव्यावरून पाणी खालच्यात. कैकोंड्रहळ्ळीचं पाणी सौळ केरेत, तिथून बेळ्ळंदूरला, मग वर्तूर, आणि शेवटी दक्षिण पिनाकिनी, जी तमिळनाडूतून बंगालच्या उपसागराला मिळते. तळ्यांना जोडणाऱ्या या नाल्यांना इथे राजकालुवे म्हणतात. पाणी आज त्याच वाटेने निघालंय. मध्ये कंपाउंडची भिंत आली, तर तो दोष पाण्याचा नव्हे.

आता ट्रॉलीतून उडी मारा ती थेट इसवी सन 870च्या आसपास, जवळच्या अगराला. पाथरवट दगडावर टाकी चालवतोय. इरुगमय्याचा मुलगा सिरिमय्या याने दोन तळ्यांना पाणी सोडायची दारं बसवली, पूर्वेकडे तिसरं तळं बांधलं आणि तळ्यांखालच्या पिकातला वाटा मिळवला, एवढंच कोरायचंय. लढाई नाही, वंशावळ नाही. ज्याने तळं बांधलं त्याचा पिकात हक्क, असा हा रोकडा हिशेब आहे, आणि मला तो कुठल्याही विजयस्तंभापेक्षा जास्त वाचनीय वाटतो.

मराठी वाचक सतराव्या शतकात रेंगाळणार हे ठाऊक आहे. 1638 मध्ये शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली आणि जवळजवळ अर्धं शतक ती भोसल्यांकडे राहिली. पण राजे पेठेजवळ, किल्ल्याकडे. इकडे आपली भाताची खाचरं, ज्यांच्या साऱ्यावर सगळ्याच जहागिऱ्या चालायच्या. चला पुढे.

1944. बेळ्ळंदूरच्या बांधावर या. चिखलाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास येतोय. नीरगंटी तळ्याचं दार उघडायला निघालाय. कोणाच्या वाफ्यात किती वेळ पाणी, हे तोच ठरवणार. आपल्याकडच्या फड पद्धतीतल्या पाटकऱ्याचंच हे काम. सुगीला त्याचा वाटा धान्यात. उन्हाळ्यात तळं आटलं की गाव गाळ उपसून बैलगाड्यांनी शेतात टाकतं, म्हणजे तळं खोल आणि शेत कसदार. सांडवा वाहू लागला की देवीची पूजा.

तेवढ्यात घरघर ऐकू येते. बैल बिथरतात. जाडजूड पोटाचं एक विमान खाली येतं आणि धावपट्टी सोडून सरळ तळ्यात उतरतं, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे उडवत. ही कॅटालिना, पाण्यावर उतरणारी विमानं, दुरुस्तीला आलेली. तळ्याच्या उत्तरेचा विमान कारखाना सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने 1940 मध्ये काढला. 1943 पासून तो अमेरिकन हवाई दलाच्या ताब्यात आहे. नीरगंटी विमानाकडे क्षणभर बघतो आणि दार उघडायला जातो. पाळी चुकली तर भांडण त्याच्याशी होणार, अमेरिकेशी नव्हे.

पुढची काही दशकं भरभर उलटा. नळाला कावेरीचं पाणी आलं, भातशेतीचे लेआउट पडले, नीरगंटीला कोणी विचारेना. तळं कोणाच्याच पोटापाण्याचं राहिलं नाही आणि शहराचं सांडपाणी त्यात मोकाट आलं. साबणाचा फेस वाऱ्याने रस्त्यावर येऊ लागला. 19 जानेवारी 2018ला तर तळ्यावर आग लागली आणि ती विझवायला लष्कराचे सुमारे 5000 जवान उतरले. विमानं उतरायची, ते हेच पाणी.

एवढं पाहून हताश होऊ नका. वरच्या कैकोंड्रहळ्ळीला थांबा. तेही सांडपाण्याने भरून आक्रसत चाललं होतं. 2009च्या सुमारास सोसायट्यांमधले रहिवासी, जुने गावकरी आणि पालिका एकत्र बसले. पर्यावरण-अभ्यासक हरिणी नागेंद्र त्यांच्यात होत्या. सांडपाणी वळवलं, गाळ काढला, 2011पर्यंत पाणी पुन्हा दिसू लागलं. त्यांनी एक शहाणपणा केला. शहरातली बरीच तळी सुधारली की कुंपण, फाटक आणि वेळापत्रक येतं, आणि गुराख्याला बाहेरचा रस्ता दाखवला जातो. इथे चारा कापणाऱ्यांना आणि मासेमारीला आराखड्यातच जागा ठेवली.

म्हणून सकाळी फेरी मारताना गवताचा भारा डोक्यावर घेतलेली एखादी बाई समोरून आली, तर कानातले इयरफोन काढा आणि कडेला व्हा. भारा रुंद असतो.