वैद्यकीय अभ्यासक्रमातील समलैंगिकता आणि कर्करोग उपचार : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
जालना मार्गावरील करमाड परिसरातील कर्करुग्णांना जवळचे मोठे शासकीय केंद्र म्हणजे छत्रपती संभाजीनगर येथील, २०१२ साली सुरू झालेले शासकीय कर्करोग रुग्णालय होय. रुग्णाला काय विचारावे, हे डॉक्टर महाविद्यालयात शिकतो. समलैंगिक व पारलिंगी व्यक्तींविषयी हे शिक्षण काय सांगत आले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी :
१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३७७ मुळे हा विषय न्यायवैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत 'अनैसर्गिक गुन्हे' या मथळ्याखाली आला. विद्यार्थ्याला समलैंगिक व्यक्ती प्रथम भेटली ती आरोपी म्हणून. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून लैंगिक प्रश्नांची शास्त्रीय चर्चा केली. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्वे यांना दंड झाला.

अभ्यासक्रमातील बदल :
६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. २०१९ मध्ये सेवाग्रामचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांच्या पाठपुराव्यानंतर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने 'कौमार्याची लक्षणे' हा अशास्त्रीय भाग अभ्यासक्रमातून काढला. पाठ्यपुस्तक बदलता येते, हे त्यातून सिद्ध झाले. मद्रास उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समलैंगिकांविषयीचा अवमानकारक मजकूर टाळण्याची सूचना दिली. मात्र ऑगस्ट २०२४ च्या अभ्यासक्रमात स्त्री-समलैंगिकता पुन्हा 'अनैसर्गिक लैंगिक गुन्हा' म्हणून अवतरली. त्याआधीच, १ जुलै रोजी, कलम ३७७ सह जुनी दंड संहिता रद्द झाली होती. टीकेनंतर सप्टेंबरमध्ये तो अभ्यासक्रम मागे घ्यावा लागला.

कर्करोग उपचारातील परिणाम :
पारलिंगी पुरुषाचे गर्भाशयमुख शाबूत असेल, तर तेथे कर्करोगाचा धोका राहतो. पारलिंगी स्त्रीची पुरःस्थ ग्रंथी लिंगबदल शस्त्रक्रियेनंतरही सहसा कायम असते. केसपेपरवर केवळ 'स्त्री' किंवा 'पुरुष' एवढीच नोंद झाल्यास आवश्यक तपासणी राहून जाते. आपल्याला हिणवले जाईल या भीतीने रुग्ण माहिती लपवतो वा दवाखानाच टाळतो. कर्करोगात असा उशीर जीवघेणा ठरतो. शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराला 'नातेवाईक कोण?' या प्रश्नापाशी अडावे लागते.

निष्कर्ष :
अवमानकारक शब्द वगळणे ही पहिली पायरी होय. त्या जागी काय शिकवावे, हा प्रश्न शिल्लक राहतो. कोणते अवयव शरीरात आहेत, घरचे माणूस कोण, हे संकोच न करता विचारण्याचे प्रशिक्षण कर्करोगतज्ज्ञांना मिळाले पाहिजे. २०२४ च्या अनुभवावरून असे दिसते की, न शिकवलेल्या गोष्टीची पोकळी जुना पूर्वग्रहच भरून काढतो.