वळिवड्याचे पाहुणे

लग्नाचा बस्ता म्हटला की कोल्हापूरकरांना गांधीनगर आठवते. लहानपणी आईचा हात धरून मीही तिथे कितीदा गेलो! पण त्या कापडपेठेच्या जागी एके काळी पोलिश लोकांची वस्ती होती, हे मला कळले ते इंग्लंडला आल्यावर, आमच्या गल्लीतल्या एका पोलिश आजींकडून. मी कोल्हापूरचा आहे म्हणताच त्यांनी विचारले, "वळिवडे?" आणि पाठोपाठ "केळी, पेरू, किती?" असे बाजारातले मराठी बोलून दाखवले.

१९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरिया, कझाकस्तानात नेले. भूक, थंडी आणि रोगराईने असंख्य माणसे गेली. १९४१ साली सुटकेचा करार झाला आणि १९४२ मध्ये हजारो जण इराणला पोहोचले. त्यांपैकी सुमारे ५,००० जणांना, बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे, १९४३ पासून कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे आसरा मिळाला. खर्च लंडनमधील पोलिश सरकारचा. पण जागा, बाजार आणि शेजार कोल्हापूरचा. छावणीत त्यांची शाळा होती, चर्च होते, दवाखाना होता. १९४८ मध्ये छावणी बंद झाली. त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती, म्हणून अनेकांनी ब्रिटनची वाट धरली. वळिवड्याच्या त्याच जागेवर मग फाळणीत घर गमावलेले सिंधी निर्वासित वसले. तेच आजचे गांधीनगर!

मंडळी, आजींना आठवत होते ते सरकारी कागद नव्हे, तर भाजीवाल्या बाईचे हसणे. २०२२ मध्ये युक्रेनमधील एक कुटुंब आमच्या गल्लीत राहायला आले, तेव्हा मी मदतपेटीत पैसे टाकले आणि मोकळा झालो. त्यांच्या दारात मात्र गेलो नाही. आजींची गोष्ट ऐकल्यावर त्याची लाज वाटली.

डॉक्टरकडे नाव नोंदवणे, शाळेचा फॉर्म भरणे, बसचा रस्ता दाखवणे, ही कामे आपल्याइतकी कोणाला ठाऊक? आपणही एकदा इथे नवखेच होतो. नरसंहार थांबवणे आपल्या हाती नसेल, पण त्यातून वाचून आलेल्यांचा शेजार होणे नक्कीच आहे. यंदाच्या दिवाळीत फराळाचे एक ताट अशा घरी पोहोचवू या. ओळख तिथूनच सुरू होते.