क्रूझवर लहान मुलांना घेऊन जाताय? केबिन बुक करण्याआधी हे वाचा

क्रूझ म्हणजे फक्त परदेशात जाणाऱ्यांची सहल, असं आता राहिलेलं नाही. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागलं. सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझलाही भारतीय कुटुंबांची चांगली पसंती असते.

पण क्रूझचं बुकिंग हॉटेलसारखं नसतं. हॉटेलमध्ये ऐनवेळी जादा गादी मागता येते. जहाजावर तसं होत नाही. बाळाचं वय काही दिवसांनी कमी भरलं, तर बंदरावरूनच परत फिरावं लागू शकतं. त्यामुळे पैसे भरण्याआधी काय तपासायचं, ते समजून घेऊया.

बाळ किती महिन्यांचं हवं?

रॉयल कॅरिबियन, डिस्ने, कार्निव्हल यांसारख्या मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक सफरींसाठी बाळ किमान ६ महिन्यांचं असावं लागतं. अटलांटिक किंवा पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या सफरींसाठी ही अट साधारण १२ महिन्यांची असते. सलग अनेक दिवस जहाज समुद्रातच राहणार असेल, तर जवळ मोठं रुग्णालय नसतं, हे त्यामागचं कारण.

लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे हे वय बुकिंगच्या दिवशी नाही, तर जहाज सुटण्याच्या दिवशी मोजलं जातं.

आई गरोदर असेल, तर वेगळा नियम लागतो. सफरीदरम्यान कधीही गर्भारपणाचा २४वा आठवडा लागणार असेल, तर बहुतेक मोठ्या कंपन्या प्रवेश देत नाहीत.

केबिनचे प्रकार कोणते?

ढोबळमानाने चार प्रकार असतात.

• इनसाइड: खिडकी नसते. सगळ्यांत स्वस्त. दिवे बंद केले की दुपारीही मिट्ट काळोख होतो, त्यामुळे दुपारी झोपणाऱ्या बाळांसाठी सोयीची.
• ओशनव्ह्यू: खिडकी असते, पण बहुतेक वेळा ती उघडत नाही.
• बाल्कनी: मुलं झोपल्यावर आईवडिलांना बसायला जागा मिळते.
• स्वीट: जागा जास्त, भाडंही जास्त.

साधी केबिन बहुतेक जहाजांवर १५० ते २०० चौरस फुटांची असते, म्हणजे मुंबईतल्या एखाद्या लहान बेडरूमएवढी. त्यातच बाथरूमही आलं. बाळाचा पाळणा टाकला की चालायला जागा उरत नाही. साध्या केबिनमध्ये बहुधा फक्त शॉवर असतो, बाथटब नसतो. बाळाला अंघोळ कशी घालायची, याचा विचार घरूनच करून निघा.

बाळ पाळण्यात झोपणार, तरी त्याची जागा का धरतात?

इथेच अनेक कुटुंबांचं गणित चुकतं. आईवडील, दोन मुलं आणि एक तान्हं बाळ. बाळ तर पाळण्यात झोपणार, मग चार जणांची केबिन पुरेल, असं वाटतं. पण जहाजाच्या हिशेबात तान्हं बाळही एक प्रवासीच असतं. म्हणजे या कुटुंबाला पाच जणांची केबिन लागते.

यामागे सुरक्षेचं कारण आहे. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडालं, तेव्हा जहाजावरच्या सगळ्यांना पुरतील इतक्या जीवरक्षक नौकाच नव्हत्या. त्यानंतर १९१४ मध्ये 'सोलास' हा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या आजच्या नियमांनुसार जहाजावरच्या प्रत्येक माणसाची आणीबाणीतली जागा ठरलेली असते. म्हणूनच कधीकधी केबिनमध्ये बेड रिकामा दिसतो, तरी चौथा प्रवासी घेता येत नाही. त्या भागातल्या नौकांची क्षमता भरलेली असते.

तीन-चार जणांच्या केबिन मुळात कमी असतात आणि शाळेच्या सुट्ट्यांत त्या लवकर संपतात. दिवाळी किंवा मे महिन्यात जायचं असेल, तर काही महिने आधी बुकिंग केलेलं बरं.

एक केबिन की दोन?

क्रूझचं भाडं माणशी असतं आणि ते 'एका केबिनमध्ये दोघं' असं धरून ठरतं. तिसऱ्या आणि चौथ्या प्रवाशाचं भाडं बहुधा कमी असतं. कर आणि बंदर शुल्क मात्र बाळासकट प्रत्येकाला लागतं.

एक काल्पनिक उदाहरण पाहूया. समजा, पहिल्या दोघांचं भाडं प्रत्येकी ४०,००० रुपये, तिसऱ्या-चौथ्याचं २०,००० आणि कर माणशी ८,००० रुपये.

• चौघं एका केबिनमध्ये: १,५२,००० रुपये
• दोघं-दोघं दोन केबिनमध्ये: १,९२,००० रुपये

४०,००० रुपये जास्त गेले, पण दुसरं बाथरूम आणि दुप्पट जागा मिळाली. दुसरीकडे दोन इनसाइड केबिन कधीकधी एका बाल्कनी केबिनच्या आसपासच्या भाड्यात मिळतात. त्यामुळे दोन्ही पर्यायांचे दर काढून पाहा.

एकटी आई किंवा एकटे वडील मुलाला घेऊन जात असतील, तर मूल 'दुसरा प्रवासी' ठरतं. अशा वेळी त्याचं पूर्ण भाडं लागू शकतं.

दोन केबिन घेताना 'कनेक्टिंग' आणि 'शेजारची' यातला फरक विचारून घ्या. कनेक्टिंग केबिनमध्ये आतून दरवाजा असतो. शेजारच्या केबिनमध्ये जायला बाहेरच्या मार्गिकेतून जावं लागतं. तसंच 'गॅरंटी' नावाने स्वस्तात मिळणाऱ्या बुकिंगमध्ये केबिन कुठली, हे कंपनी ठरवते. दोन केबिन एकमेकींपासून लांब आल्या, तर तक्रार करता येत नाही.

जहाजावर केबिन कुठे असावी?

जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यांवर हेलकावे कमी जाणवतात. गाडी लागणाऱ्या मुलांसाठी ही जागा चांगली. नकाशात वरचा आणि खालचा मजलाही पाहा. डोक्यावर स्विमिंग पूलचा डेक असेल, तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो. खाली थिएटर असेल, तर रात्री उशिरापर्यंत गाणी ऐकू येतात. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील, तर झोप नीट लागते.

कोणते धोके ध्यानात घ्यावेत?

अनेक केबिनमध्ये तिसरा-चौथा बेड भिंतीतून किंवा छतातून खाली येतो. बंक बेडच्या वरच्या बेडवर ६ वर्षांखालच्या मुलांना झोपवू नये, असं अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचं सांगणं आहे. मुलं त्याहून लहान असतील, तर सोफा-कम-बेड असलेली केबिन मागा.

बाल्कनी असेल, तर खुर्ची-टेबल कठड्यापासून दूर ठेवा. अमेरिकेच्या २०१० च्या कायद्यानुसार कठडा किमान ४२ इंच उंच हवा. पण खुर्चीवर चढलेल्या मुलासाठी ही उंची पुरेशी नाही.

बुकिंगआधी आणखी काय विचारायचं?

• पाळणा मिळेल का? संख्या मर्यादित असते, बुकिंगच्या वेळीच नोंद करा.
• किड्स क्लबसाठी वय किती? बहुतेक ठिकाणी मूल ३ वर्षांचं आणि डायपर सुटलेलं असावं लागतं.
• डायपर घातलेल्या बाळांना बहुतेक जहाजांवर मोठ्या पूलमध्ये उतरू देत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी जागा आहे का?
• पेज किंवा दूध गरम करायला घरची इलेक्ट्रिक किटली नेता येईल का? आगीच्या धोक्यामुळे बहुतेक कंपन्या ती जप्त करतात. गरम पाणी कुठे मिळेल, ते विचारा.
• रोजची टिप मुलांनाही लागते का?
• रद्द केल्यास किती पैसे कापणार आणि कोणत्या तारखेपासून?

कागदपत्रांचंही पाहा. लहान मुलांचा भारतीय पासपोर्ट साधारण ५ वर्षांसाठीच असतो, त्यामुळे मुदत तपासा. युरोपात जहाज शेंगेन देशांतून तुर्कस्तानात जाऊन परतणार असेल, तर एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो. तो कोण काढणार, हे बुकिंग करतानाच स्पष्ट करून घ्या.

पैसे भरण्यापूर्वी बाळासकट सगळ्यांची नावं आणि जन्मतारखा बुकिंगमध्ये बरोबर आहेत ना, हे एकदा तपासा. केबिन भरल्यावर पाचव्या माणसासाठी जागा करता येत नाही.