लोकसभेंतील एक दिवस : चिंतामणराव देशमुखांचें निवेदन

पार्लमेंटाचें दैनंदिन कामकाज वाचणें हा कोणी करमणुकीचा विषय मानीत नाहीं. प्रश्न, उपप्रश्न, विधेयकांचीं कलमें आणि त्यांवरील दुरुस्त्या यांनीं भरलेले ते जाड खंड ग्रंथालयाच्या कपाटांत धूळ खात पडलेले असतात. परंतु त्यांत एखादा दिवस असा सांपडतो कीं, एका मनुष्याची सचोटी, त्याच्या प्रांताचें दुःख आणि राज्यघटनेचें एक मूलतत्त्व हीं तिन्ही त्या दिवशीं एकत्र आलेलीं दिसतात. २५ जुलै १९५६ हा तसा दिवस होय. त्या दिवशीं कुलाबा मतदारसंघाचे प्रतिनिधि आणि सहा वर्षें हिंदुस्थानचे अर्थमंत्री असलेले चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनीं आपल्या राजीनाम्याचें कारण लोकसभेस निवेदन केलें.

हा विषय आम्हांस सुचला तो खांदा कॉलनींत. पनवेल हा त्या वेळीं कुलाबा जिल्ह्यांतील एक तालुका होता. १९८१ सालीं जिल्ह्याचें नांव रायगड झालें. आज खांदेश्वराच्या देवळाजवळ आणि तळ्याच्या कांठीं सकाळीं उभें राहिलें, तर खांदेश्वर स्थानकाकडे निघालेल्या चाकरमान्यांची रांग दिसते. त्यांत कोंकणांतला, घाटावरचा, खानदेशांतला, असा सर्व प्रकारचा मनुष्य असतो. मुंबई आपल्या राज्याची राजधानी आहे हें त्यांतील प्रत्येकजण सूर्य पूर्वेस उगवतो इतक्या सहजपणें गृहीत धरतो. परंतु ज्या वस्तूंची आपणांस फुकट मिळाल्यासारखी संवय होते, त्यांचीच किंमत पूर्वीच्या पिढीनें सर्वांत अधिक मोजलेली असते.

चिंतामणरावांचा जन्म १८९६ सालीं महाडजवळील नाते या गांवीं झाला. मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिला क्रमांक व जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति, केंब्रिज येथील वनस्पतिशास्त्राचा अभ्यास, १९१८ च्या आय्. सी. एस्. परीक्षेंत अग्रस्थान, असा त्यांच्या बुद्धीचा चढता आलेख आहे. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले. १९५० सालीं जॉन मथाई यांच्या जागीं ते अर्थमंत्री झाले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती १९५५ सालीं, आणि आयुर्विम्याचा धंदा सरकारनें हातीं घेतला तो १९५६ च्या जानेवारींत. दोन्ही गोष्टी त्यांच्याच कारकीर्दींतल्या. ‘मेघदूता’चें मराठींत भाषांतर करणारा हा संस्कृतज्ञ जनसभांतून वाढलेला पुढारी नव्हता. फायली आणि आंकडे यांत त्याचें आयुष्य गेलें होतें. १९५२ सालीं तो कुलाब्यांतून काँग्रेसतर्फे निवडून आला, आणि त्यामुळेंच पुढें त्याच्यापुढें धर्मसंकट उभें राहिलें.

फाजल अली कमिशननें १९५५ सालीं विदर्भ वगळून द्वैभाषिक मुंबई राज्याची शिफारस केली. ती कोणासच रुचली नाहीं. मग काँग्रेसच्या श्रेष्ठींनीं महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशीं तीन राज्यें करण्याचें सुचविलें. २१ नोव्हेंबर रोजीं फ्लोरा फाउंटनपाशीं गोळीबार होऊन पंधरा माणसें पडलीं. १६ जानेवारी १९५६ रोजीं पंतप्रधान नेहरू यांनीं नभोवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असें जाहीर केलें, तेव्हां शहर पेटलें आणि पुन्हां गोळ्या सुटल्या. चिंतामणरावांनीं त्याच महिन्यांत राजीनामा देऊं केला. परंतु त्यांस थांबवून धरण्यांत आलें. फेब्रुवारीअखेर त्यांनीं अंदाजपत्रकही मांडलें. ३ जून रोजीं पंतप्रधानांनीं मुंबईंतच, काँग्रेस महासमितीपुढें, शहर पांच वर्षें केंद्राच्या ताब्यांत राहील असें सांगितलें. यानंतर मात्र त्यांचें थांबणें शक्य नव्हतें.

पद सोडलेल्या मंत्र्यास अध्यक्षांच्या संमतीनें निवेदन करतां येतें. त्यावर चर्चा होत नाहीं, मात्र सरकारपक्षास प्रत्युत्तरादाखल निवेदन करण्याची मुभा असते, असा लोकसभेचा नियम आहे. अध्यक्षस्थानीं अनंतशयनम् अय्यंगार होते. त्यांच्या पूर्वींचे अध्यक्ष दादासाहेब मावळंकर त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत वारले होते. मूळचें रत्नागिरी जिल्ह्यांतलें मराठी घराणें आणि सारें सार्वजनिक आयुष्य अहमदाबादेंत! दोन भाषा एका घरांत सुखानें नांदूं शकतात याचें तें जितें उदाहरण होतें. परंतु घरांत जें प्रेमानें होतें, तें राज्यांत हुकुमानें होत नाहीं.

देशमुखांच्या निवेदनाचा गाभा तीन मुद्द्यांत सांगतां येईल. मुंबई वेगळी काढण्याचा निर्णय मंत्रिमंडळांत रीतसर विचार न होतां जाहीर झाला, हा पहिला. मुंबईंतील गोळीबारांची सार्वजनिक चौकशी व्हावी ही मागणी सरकारनें मानली नाहीं, हा दुसरा. आणि या सर्वांच्या मुळाशीं महाराष्ट्राविषयीं आकस आहे, हा तिसरा. ज्या माणसानें आयुष्यभर जपून शब्द वापरले, त्याच्या तोंडून शेवटला आरोप बाहेर पडावा, यांतच त्याचें वजन होतें.

पंतप्रधानांनींही उत्तर दिलें. सरकारचें धोरण सांगण्याचा पंतप्रधानाचा अधिकार त्यांनीं ठासून मांडला. या वादांत दोन्ही बाजू नीट पाहिल्या पाहिजेत. मंत्रिमंडळ लोकसभेस सामुदायिक रीतीनें जबाबदार आहे, असें घटनेचें ७५ वें कलम सांगतें. जबाबदारी सर्वांची असेल तर विचारही सर्वांचा हवा, हा देशमुखांचा पक्ष आम्हांस बळकट वाटतो. मथाईही मंत्रिमंडळाच्या अधिकाराच्याच प्रश्नावरून, नियोजन मंडळाच्या निमित्तानें, बाहेर पडले होते हें लक्षांत घेतलें, म्हणजे हा केवळ प्रांताभिमानाचा उद्रेक नव्हता हें पटतें. उलट आकसाचा आरोप सिद्ध करणें कठीण असतें. दुसऱ्याच्या अंतःकरणाचा दाखला कोणत्याही दप्तरांत मिळत नाहीं. जानेवारींत जें असह्य झालें, तें जुलैपर्यंत कसें सोसलें, हा प्रश्नही त्या वेळीं मराठी मनांत उठणें स्वाभाविक होतें. त्याचें उत्तर एवढेंच देतां येईल कीं, उशीरां सोडलेली खुर्चीही न सोडलेल्या खुर्चीपेक्षां मोलाची असते.

राजीनाम्यानें मुंबई लगेच मिळाली नाहीं. ऑगस्टांत लोकसभेनें विशाल द्वैभाषिक राज्याची योजना स्वीकारली आणि १ नोव्हेंबरला तें अस्तित्वांत आलें. पुढल्या वर्षींच्या निवडणुकींत पश्चिम महाराष्ट्रानें संयुक्त महाराष्ट्र समितीच्या पारड्यांत आपलें वजन टाकलें; १ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र झाला. शंभरावर माणसांच्या रक्ताची किंमत त्यास पडली. चिंतामणराव विद्यापीठ अनुदान मंडळाचे व नंतर दिल्ली विद्यापीठाचे प्रमुख झाले. मंत्रिपदाकडे ते पुन्हां वळले नाहींत.

आतां पुन्हां खांदा कॉलनीकडे येऊं. १९७० सालीं महाराष्ट्र सरकारनें सिडको स्थापिली आणि मुंबईचा भार हलका करण्यासाठीं खाडीच्या अलीकडे नवें शहर उठविलें. मुंबई परक्या सरकारच्या हातीं असती, तर एका राज्याचा भार उचलण्यासाठीं दुसऱ्या राज्यानें आपली भातशेती दिली असती काय? आमचीं घरें ज्या निर्णयावर उभीं आहेत, त्याच्या पायांत १९५६ सालचा झगडा आहे.

परंतु गोष्ट येथें संपवून स्वतःची पाठ थोपटून घेणें बरें नव्हे. याच नव्या शहरासाठीं ज्यांच्या जमिनी गेल्या, ते शेतकरी पनवेलचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं न्याय्य मोबदला मागूं लागले. आणि १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांत जासईच्या परिसरांत पोलिसांच्या गोळ्यांनीं त्यांच्यांतील पांचजण पडले. या वेळीं सरकार दिल्लीचें नव्हतें. आपलें, मराठी, झगडून मिळविलेलें होतें. गोळीचा जाब सरकारनें द्यावा, असें देशमुख लोकसभेंत म्हणाले तें केवळ परक्या सरकारास उद्देशून होतें, असें मानलें तर त्या दिवसाचा अर्थ आपण अर्धाच समजलों. राज्य आपलें झालें म्हणजे प्रश्न विचारण्याचें काम संपत नाहीं. तें आपल्याच माणसांस विचारावें लागतें म्हणून अधिक अवघड होतें. २५ जुलैच्या त्या निवेदनांतून कुलाब्याच्या प्रतिनिधीनें आपल्यासाठीं मागें ठेवलेला वारसा हाच होय.