संत इग्नेशियस यांची विद्यार्थिदशा

अभ्यास हा जन्मतः लाभणारा गुण नव्हे. ती संवय लावून घ्यावी लागते. पोर हुशार आहे, परंतु पुस्तकापुढें बसत नाहीं, अशी तक्रार घेऊन पुष्कळ आईबाप आम्हांकडे येतात. त्यांच्यासाठीं व त्यांच्या मुलांसाठीं या महोत्सवाच्या अंकांत आम्ही संत इग्नेशियस लोयोला यांच्या विद्यार्थिदशेचा इतिहास देत आहों.

स्पेन देशांतील सरदारकुळांत जन्मलेल्या या शिपायाचा पाय २० मे १५२१ रोजीं पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें मोडला. अंथरुणावर पडून असतां ख्रिस्तचरित्र व संतचरित्रें वाचून त्यांचें मन पालटलें. आत्म्यांस साहाय्य करावयाचें तर विद्या हवी, हें ओळखून १५२४ सालीं, वयाच्या सुमारें ३३ व्या वर्षीं, त्यांनीं बार्सेलोना शहरांत लॅटिन व्याकरण शिकण्यास आरंभ केला.

येथें एक विलक्षण अडचण उभी राहिली. धातूंचीं रूपें पाठ करावयास बसलें कीं मनांत भक्तीचे गोड विचार दाटून येत व धडा बाजूस राही. प्रार्थनेच्या वेळीं मात्र हे विचार इतके येत नसत. यावरून, हा भक्तीचा प्रसाद नसून मोह आहे, असें त्यांनीं ताडलें. ते आपल्या शिक्षकांस घेऊन सांता मारिया देल मार या मंदिरांत गेले आणि घडलेली सर्व हकीकत सांगून, भाकरपाणी मिळत आहे तोंवर दोन वर्षें एकहि पाठ चुकविणार नाहीं, असें वचन त्यांनीं दिलें. तो मोह तेथेंच संपला. अभ्यासाच्या वेळीं अभ्यास हीच देवाची सेवा होय, हें येथें शिकण्याजोगें आहे.

पुढें १५२६ सालीं अल्काला येथें तर्कशास्त्र, पदार्थविज्ञान व ईशज्ञान हे विषय त्यांनीं एकदमच हातीं घेतले. त्यांतच लोकांस उपदेश करणेंहि चालू होतें. परिणामीं कोणत्याच विषयाचा पाया पक्का झाला नाहीं. १५२८ च्या फेब्रुवारींत ते पॅरिस येथें आले, तेव्हां ही उणीव त्यांनीं मान्य केली व माँतेग्यू कॉलेजांत लहान मुलांच्या सोबतीनें लॅटिन पुन्हां मुळापासून आरंभिलें. चाळिशीकडे झुकलेल्या माणसास यांत लाज वाटली नाहीं, हेंच त्यांचें थोरपण.

दारिद्र्यहि आड येत होतें. विश्वासानें ठेवावयास दिलेले पैसे एका सोबत्यानें खर्चून टाकले. तेव्हां त्यांना धर्मशाळेंत राहावें लागलें. तिचे दरवाजे सकाळीं उशिरां उघडत व सायंकाळीं लवकर बंद होत; त्यामुळें पाठ बुडत. भीक मागण्यांतहि वेळ जाई. अखेर दरवर्षीं कांहीं आठवडे फ्लँडर्स प्रांतीं जाऊन वर्षभराची भिक्षा गोळा करावयाची व उरलेला काळ निवांतपणें अभ्यासास द्यावयाचा, अशी व्यवस्था त्यांनीं लावली.

१५२९ सालीं ते सेंत बार्ब कॉलेजांत आले. पीटर फेबर व फ्रान्सिस झेवियर हे तेथें त्यांचे खोलीतील सोबती झाले. फेबर वयानें लहान, परंतु अभ्यासांत पुढें. शिक्षकांच्या सांगण्यावरून ते इग्नेशियस यांच्याकडून पाठांची उजळणी करून घेत. या दिवसांत इग्नेशियस यांनीं लोकांशीं धर्मसंभाषण करणेंहि कमी केलें. अभ्यासक्रम पुरा झाल्यावर तें पुन्हां करतां येईल, असें ते म्हणत.

१५४० सालीं पोपमहाशयांनीं येशूसंघास मान्यता दिली. पुढें संघाच्या विद्यालयांत पॅरिसची पद्धतच रूढ झाली आणि १५९९ च्या 'राशियो स्टुडिओरम' या नियमग्रंथांत ती कायम झाली : शिक्षकानें पाठ आधीं उलगडून दाखवावा, विद्यार्थ्यानें तो घोकावा व लिहावा, आणि शनिवारीं आठवड्याची उजळणी व्हावी. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोहोंचले. याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स यांनीं परकी असूनहि आमची भाषा इतकी आत्मसात केली कीं, त्यांचें 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें.

विद्यार्थ्यांनो, या इतिहासांत तुमच्यासाठीं अवघड असें कांहींच नाहीं. ठरल्या वेळीं बसा. एका वेळीं एकच विषय घ्या. पाया कच्चा असेल तर मागें जाण्यास लाजूं नका. समजलें नाहीं तर धाकट्यासहि विचारा. शनिवारीं आठवड्याचें सारें पुन्हां पाहा. आणि आईबापांनो, मुलगा वा मुलगी पुस्तकापुढें बसली असतां तिला कामास हांक मारूं नका, मग तें काम देवळाचें कां असेना. आम्हीहि तेवढा वेळ थांबूं.