लिनक्सच्या गाभ्यातील जुन्या संहितेचे निष्कासन : एका वादाचा इतिहास

इ. स. १९९१ च्या आरंभी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने इंटेलच्या ३८६ प्रोसेसरचा एक संगणक विकत घेतला. लिनक्सचा गाभा, ज्यास 'कर्नल' अशी संज्ञा आहे, तो त्याच यंत्रावर जन्मास आला. त्या वर्षीच्या ऑगस्टमधील पहिल्या जाहीर निवेदनात टोरवाल्ड्स यांनी ही प्रणाली ३८६ च्या विशिष्ट सोयींवर विसंबून असल्याने ती अन्य यंत्रांवर नेता येण्याजोगी नाही, असे स्वच्छ सांगून टाकले होते. पुढे ती असंख्य प्रकारच्या यंत्रांवर गेली. आणि डिसेंबर २०१२ मध्ये खुद्द ३८६ साठी लिहिलेली संहिताच तिच्यातून वगळण्यात आली. फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ३.८ ही आवृत्ती तिच्या जन्मदात्या यंत्रावर चालेनाशी झाली. हा बदल सादर करणारे इंगो मोलनार यांनी टोरवाल्ड्स यांच्या त्या जुन्या यंत्राविषयी थट्टेने हळहळ व्यक्त केली. टोरवाल्ड्स यांनी मात्र आपण भावनाविवश होणारे नाही, असे उत्तर देऊन बदल स्वीकारला.

या निष्कासनाचे कारण तांत्रिक होते. ४८६ प्रोसेसरमध्ये आलेली, स्मृतीतील मूल्याची तुलना करून ते अखंडपणे बदलण्याची आज्ञा ३८६ मध्ये नव्हती. शिवाय, पृष्ठावरील लेखनबंदी गाभ्याच्या स्वतःच्या लेखनास ३८६ लागू करीत नसे. त्यामुळे वापरकर्त्याच्या स्मृतीत लिहिण्यापूर्वी गाभ्यास वेगळी तपासणी करावी लागे. अनेक प्रोसेसरांच्या परस्परसमन्वयाशी संबंधित संहितेत काही सुधारणा करावयाची म्हटली की या उणिवांसाठी जोडलेली ठिगळे आडवी येत. इंटेलने ३८६ चे उत्पादन २००७ मध्येच थांबविलेले असल्याने या निर्णयास फारसा विरोध झाला नाही.

येथे एक शंका उद्भवते. जी संहिता चालते, ती कोणाचे काय बिघडविते? ती एका कोपऱ्यात पडून राहिली तर हरकत कोणती? या शंकेचे उत्तर गाभ्याच्या कार्यपद्धतीत आहे. बाहेरून चालणाऱ्या आज्ञावली गाभ्यातील बदलामुळे बंद पडू नयेत, हा नियम तेथे कटाक्षाने पाळला जातो. परंतु गाभ्याच्या अंतर्गत घटकांतील परस्परव्यवहाराविषयी असे कोणतेही वचन नाही. तो व्यवहार सतत बदलतो, आणि जो बदलतो त्यानेच सर्व ठिकाणची संहिता त्यानुसार दुरुस्त करावी, अशी रीत आहे. म्हणजे जुन्या संहितेचा लाभ एकास आणि तिचा भार दुसऱ्यास, अशी स्थिती होते. ज्याने ते यंत्र कधी डोळ्यांनीही पाहिलेले नाही, त्याला त्या यंत्राची संहिता चाचणीवाचून बदलावी लागते. वादाचे खरे मूळ येथे आहे. जुन्याविषयीचा जिव्हाळा आणि नव्याची हौस ही त्याची वरवरची रूपे होत.

इ. स. २०१८ मधील घटना या दृष्टीने फार बोधप्रद आहे. त्या वर्षी ४.१७ या आवृत्तीतून ब्लॅकफिन, क्रिस, टाइल इत्यादी आठ प्रोसेसर-कुळांची संहिता एकदम काढण्यात आली. वगळलेल्या ओळींची संख्या पाच लाखांच्या जवळपास होती. हे काम करणारे आर्न्ड बर्गमन यांनी केलेले निदान मननीय आहे. ही आठ कुळे एकमेकांहून अगदी भिन्न, पण त्यांची गती एकच झाली. प्रत्येक कुळामागे एकच कंपनी होती. प्रोसेसर आणि त्याचा सारा संहितापरिवार स्वतः पोसण्यापेक्षा दुसऱ्याचा तयार आराखडा परवान्याने घेणे त्या कंपनीस स्वस्त पडू लागले. याउलट मोटोरोलाचे ६८००० हे १९७९ मधील कुळ आणि डीईसी कंपनीचे अल्फा ही कुळे, जी बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती, ती गाभ्यात टिकून राहिली. कारण त्यांच्या संहितेची निगा राखणारे हौशी लोक होते. व्यापाऱ्याने सोडलेले पोर निराधार झाले आणि हौशी माणसाने उचललेले जगले, असा हा काहीसा विपरीत न्याय आहे.

जपानी बनावटीच्या एच८/३०० या कुळाची संहिता २०१३ मध्ये निघाली, २०१५ मध्ये परत आली आणि २०२२ मध्ये पुन्हा गेली. फ्लॉपी तबकडीच्या ड्रायव्हरची कथा याहून सौम्य आहे. २०१९ मध्ये चालू स्थितीतील फ्लॉपी-यंत्रे दुर्मिळ झाल्याने तो 'अनाथ' ठरविण्यात आला. पण आभासी यंत्रे अद्यापि फ्लॉपीचे अनुकरण करीत असल्याने तो काढला गेला नाही, आणि पुढे त्यास नवा देखभालकर्ताही मिळाला.

खरा तंटा माजला तो इटॅनियमवरून. इंटेल व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी २००१ मध्ये बाजारात आणलेल्या या प्रोसेसरची अखेरची पाठवणी जुलै २०२१ मध्ये झाली. त्याच वर्षीच्या जानेवारीत टोरवाल्ड्स यांनी त्याची संहिता अनाथ म्हणून नोंदविली होती. २०२३ मध्ये आर्ड बीशुव्हेल यांनी ती काढण्याचा आग्रह धरला. यंत्र सुरू होताना लागणाऱ्या ज्या भागाची निगा ते राखीत, त्यातील प्रत्येक बदल इटॅनियमवर चालतो की नाही हे पाहण्यास त्यांच्यापाशी साधन नव्हते. तेव्हा मोजके वापरकर्ते पुढे आले. आमची यंत्रे चालत आहेत, आम्ही चाचण्या करू, असे त्यांचे म्हणणे होते. अनाथ ठरवून जवळजवळ तीन वर्षे लोटल्यावर हे आश्वासन आले, हा आक्षेप रास्त होता. परंतु गाभ्याच्या रचनाकारांची चर्चा सामान्य वापरकर्त्याच्या कानी क्वचितच पडते, ही बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. चाचणी करणे आणि देखभालीचे उत्तरदायित्व पत्करणे यांत अंतर आहे, व निर्णय त्या अंतरावरच झाला. जानेवारी २०२४ मधील ६.७ या आवृत्तीत सुमारे ६५ हजार ओळी वगळण्यात आल्या.

टोरवाल्ड्स यांना हा प्रोसेसर मुळीच प्रिय नव्हता. तरीही ही संहिता मुख्य वृक्षाबाहेर वर्षभर नीट सांभाळून दाखविल्यास ती परत घेण्याचा विचार करता येईल, असे त्यांनी सांगितले. वगळलेली संहिता प्रकल्पाच्या इतिहासात जशीच्या तशी जतन होते खरी. पण दप्तरात ठेवलेल्या त्या संहितेभोवतीचे घटक पुढे सरकत राहतात, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीगणिक तिचे पुनरागमन अवघड होते. इटॅनियमच्या काही अभिमान्यांनी हे काम गाभ्याबाहेर चालू ठेवले. जीसीसी या भाषांतरक-प्रणालीनेही आपल्या चौदाव्या आवृत्तीत इटॅनियम कालबाह्य ठरविले होते. मात्र देखभालीस माणूस मिळताच २०२४ मध्ये तो शेरा मागे घेण्यात आला.